वतन गेले, वतनदारी राहिली

सहकारी बँकेच्या संचालकाने सलग किती वर्षे खुर्ची अडवावी, याला कायद्याने हद्द घातली आहे. पूर्वी ती आठ वर्षांची होती; सन २०२५ च्या दुरुस्तीने दहा झाली. अध्यक्ष व पूर्णवेळ संचालक तेवढे तीतून सुटले. म्हणजे शेतकऱ्याची ठेव सांभाळणारास मुदत आहे. त्याच शेतकऱ्यासाठी कायदा करणारास मात्र नाही! राज्यघटनेच्या १७३ व्या कलमात आमदार होण्यास पंचवीस वर्षांचे वय पाहिजे असे सांगितले आहे. किती वेळा व्हावे याबद्दल चकार शब्द नाही. तेव्हा आमदार-खासदारांनाही दोन-तीन मुदतींची हद्द घालावी अशी मागणी होते. ही मागणी रास्त आहे. परंतु अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हद्द माणसाला घालावयाची की घराला, हा खरा प्रश्न होय. फिलिपाइन्स देशाने सन १९८७ च्या घटनेने खालच्या सभागृहातील प्रतिनिधीस सलग तीन मुदतींची हद्द घातली. झाले काय? नवरा उतरला, बायको चढली. बाप उठला, मुलगा बसला. घराणेशाहीस बंदी करावी असे त्याच घटनेत लिहिले होते. पण तो कायदा करावयाचा घराण्यांतल्याच लोकांनी, म्हणून तो वर्षानुवर्षे रखडला. इतके दूर तरी कशाला? आपल्याकडे सरपंचपदाचे आरक्षण फिरते असते, आणि सन २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्यामुळे कित्येक मायबहिणी स्वतःच्या हिमतीवर कारभार करू लागल्या, हे मोठेच काम झाले. तरीही बाईची सही व नवऱ्याचा हुकूम चालतो अशी गावे वाचकांस आम्ही दाखवावयास नकोत.

कुळकर्णी वतन जाचक झाले तेव्हा एका कुळकर्ण्याने किती वर्षे दप्तर ठेवावे, याचा हिशेब शाहू महाराज करीत बसले नाहीत. सन १९१८ मध्ये त्यांनी करवीरात वतनच काढले व पगारी तलाठी नेमले. पुढे सन १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली. वारसा तुटला तेव्हा सत्ता हलली. आज मतदारसंघ हेच नवे वतन झाले आहे. आणि हे वतनदार पुष्कळदा आमच्याच जातभाईंपैकी आहेत. परक्याची वतनदारी कडू आणि भाऊबंदाची गोड, असे म्हणणारा बहुजनांचा मित्र नव्हे.

कोणी म्हणेल, अशाने चांगला माणूसही घरी बसेल. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. खरे आहे, पण त्याच सांगोल्याने १९७२ व १९९५ साली त्यांना पाडले आणि पुन्हा उचललेही. एका मुदतीच्या विश्रांतीने थोर माणूस लहान होत नाही. आमच्या नाशिकचे दादासाहेब गायकवाड १९५७ ते १९६२ एवढीच पाच वर्षे लोकसभेत होते. तेवढ्यातच, १९५९ साली, त्यांनी भूमिहीनांना जमिनीसाठी सत्याग्रहास उभे केले. काम करणारास पाच वर्षे पुरतात. न करणारास पन्नासही पुरत नाहीत.

म्हणून आमची सूचना अशी: सलग दोन मुदती झाल्या की एक मुदत विश्रांती, आणि त्या मुदतीत त्याच मतदारसंघातून नवरा, बायको, मुले, सून, भाऊ यांनीही उभे राहू नये. जन्माची बंदी आम्हांस नको. यात सुनेचा हक्क बुडतो असा आक्षेप येईल. तिला दुसरा मतदारसंघ मोकळा आहे; परंतु शेजारच्या कुंभाराच्या सुनेचा हक्क आजवर कोणी मोजला?

असा कायदा करावयाचा तो निवडून गेलेल्यांनीच. आणि स्वतःच्या वतनावर स्वतः नांगर कोण फिरवील? तेव्हा शेतकरी व कारागीर बंधूभगिनींनो, सुरुवात खालूनच झाली पाहिजे. सोसायटी असो, दूधसंघ असो की विधानसभा, मत मागावयास येणारास आधी एवढेच विचारा: ही जागा तुमच्या घरात किती वर्षे आहे? जो उत्तर देताना चाचरेल, त्याचे वतन खालसा करावयास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.