चौक सवाशिणींनीच का काढायचा?

तीन वर्षांपूर्वी चुलतभावाचं लग्न होतं. शहापूर तालुक्यातला आमचा वारल्यांचा पाडा. घर आता घरकुल योजनेतलं, सिमेंटचं. म्हणून लग्नाच्या चौकासाठी आतल्या खोलीची एक भिंत तेवढी शेणमातीने सारवली, वर गेरू दिला. तांदूळ वाटून पांढरं कालवलं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं, आणि ती काडी माझ्या हातात दिली. कारण मी सवाशीण. माझं सासर मुरबाडकडे, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि हात असा की मी काढलेला घोडा बघून पोरांनी विचारलं, ही शेळी का?

पाड्यातला सगळ्यात चांगला हात आजीचा. ती तेव्हा बाहेर पडवीत बसून आमची पोरं सांभाळत होती. आजोबा गेले तेव्हा ती चाळिशीच्याही आत होती; तेव्हापासून तिने चौकाला हात लावलेला नाही. पोरांना गप्प ठेवायला ती कोळशाने जमिनीवर मोर काढत होती, तारपा वाजवणारा काढत होती. पोरं पायाने पुसायची, ती पुन्हा काढायची. आत माझी शेळी लग्नाला उभी होती.

माझ्या शिकलेल्या मैत्रिणी म्हणतात, मूल झालं आणि चित्र सुटलं. घरात निवांत कोपरा नाही. त्यांची अडचण खोटी नाही. पण आमचा चौक निवांतपणात कधीच निघाला नाही. बायकांच्या कडेवर पोरं असतात, बाजूला चुलीवर भात असतो, धवलेरीचं गाणं चालू असतं. माझी लेक तेव्हा कडेवर होती, तिने कालवलेल्या तांदळात हात घालून भिंतीवर मारला. ओघळ आला, तिथे मावशीने झाड काढलं. चित्र बिघडलं असं कोणी म्हणालं नाही.

ऑफिसातले मित्र दुसरंच सांगतात: श्रद्धा आली की कल्पकता संपली. चौकात पालघट देवी हवी, चारी बाजूंनी चौकट हवी, एवढं ठरलेलं. पण भोवतीची भिंत मोकळी असते. आत्याच्या लग्नात आजीने तिथे कसारा लोकल काढली होती, दारात लटकलेल्या माणसांसकट. देवीने ती ठेवून घेतली.

तेव्हा माझं भांडण देवीशी नाही. भांडण आहे ते सवाशिणीच्या अटीशी.

वडीलधारे म्हणतात, रीत ती रीत. बरं. पण रीत तर अशीही होती की चौक लग्नातच काढायचा, भिंतीवरच काढायचा आणि बायकांनीच काढायचा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांत कागद आणि रंग घेऊन गेले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लग्न नसताना रोज काढू लागले, पुरुष असून काढू लागले. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 1989 मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमधलं प्रदर्शन, 2011 मध्ये पद्मश्री. मला त्यांचा अभिमान आहे. आज आमची पोरं कपांवर, पिशव्यांवर, साड्यांवर काढून चार पैसे मिळवतात, त्याचाही आहे. माझ्या ऑफिसात कॉफीच्या मशीनमागे चौकाचं भलंमोठं स्टिकर लावलंय, पालघट देवीसकट. ते छापणारं मशीन सवाशीण आहे का, हे कोणी विचारलेलं नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं: तो धंदा, ही पूजा. मान्य. पण मग पूजेसाठी तर जास्तच नीट हवं ना? देवाला किडका तांदूळ चालत नाही. माझा घोडा कसा चालतो?

आणि कोणी सुधारक म्हणणार असेल की हे सगळंच सोडा, पोरीला चित्रकलेच्या क्लासला घाला, तर तेही मला नको. त्रिकोणाला त्रिकोण जोडून वारली काढायचा कागद तिला बालवाडीत मिळालाच आहे. तो रंगवून ती पाच मिनिटांत उठली. आजीच्या कोळशापाशी मात्र तासभर बसते. चित्र आपल्या घरातली माणसं काढतात, आपल्या देवासाठी काढतात, हे तिला क्लासात कोण दाखवणार?

यंदा माझ्या सख्ख्या भावाचं लग्न आहे. बाबांना सांगून टाकलंय, आजी काढणार नसेल तर मीही काढणार नाही. बाबा म्हणाले, भगताला विचारू. मी आधी आजीलाच विचारलं. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “मना नको ओढू बाय. उद्या नवरीचं काय कमीजास्त झालं तं लोक माझ्या हाताला बोलतील.”

म्हणजे रीत अशी चालते. देवीचा कोप नंतरचा, आधी शेजाऱ्यांचं तोंड. पोर दगावलं, नवरा आजारी पडला, तर कारण तयार हवं, आणि ते एखाद्या रांडावलेल्या बाईच्या हातात सापडतं.

मी तिला एवढंच म्हटलं, की मी ज्याचा चौक काढला त्या भावाचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. तेव्हा माझ्या हाताला कोणी काही बोललं नाही.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “भगताकं तूच जा. मी नाय येत.”

रविवारी जाणार आहे.