छप्पर कोणाचे, संहिता कोणासाठी?

मे महिन्यात वर्धा जिल्ह्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कारंजा (घाडगे) परिसरातील संत्राबागांत राबणाऱ्या शेतमजुराला आपल्या घरापेक्षा झाडाची सावली सुसह्य वाटते. डोक्यावरचा टिनपत्रा तव्यासारखा तापतो आणि ती धग खाली निजलेल्या लेकरांवर उतरते. याला निसर्गाचा कोप म्हणणे शासनाला सोयीचे आहे. वस्तुतः हा धोरणाचा प्रश्न आहे.

केंद्रीय ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या ‘इको निवास संहिते’ने २०१८ साली छपरातून घरात येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली : तापमानातील दर अंश फरकामागे, दर चौरस मीटरला १.२ वॅट. परंतु ही संहिता आहे ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासांसाठी. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र आहे २५ चौरस मीटर! ज्याला वातानुकूलन यंत्र परवडते त्याच्या छपराची काळजी संहितेला. ज्याला पंखाही जड, त्याचे छपर मोजणारा कोणीच नाही.

‘पैसा कोठून आणायचा?’ हा ठरलेला सवाल. शासन जो खर्च वाचवते, तो मजूर कूलरच्या वीजबिलात आणि आजारपणात बुडालेल्या मजुरीत भरतोच. शिवाय उपाय परदेशातून आणायचे नाहीत. सेवाग्रामची माती-बांबू-कवेलूंची बापूकुटी १९३६ सालची आहे. पत्र्यावर चुन्याचा पांढरा लेप द्यावा, खाली छत घालून मध्ये हवा खेळती ठेवावी, इतक्यानेही धग कमी होते.

मात्र उष्णतारोधनाच्या नावाने बाजार जे गळ्यात मारतो त्यापासून सावध राहिले पाहिजे. पत्र्याखाली थर्माकोल ठोकून त्यावरून उघड्या तारा नेणे म्हणजे घरात आग पेरणे होय. थर्माकोल भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. काचलोकर बसविणाऱ्याला मुखपट्टी, चष्मा व हातमोजे हवेतच. ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून खपणाऱ्या ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांत जाऊन कर्करोग घडवितात. युरोपीय संघाने २००५ साली त्यावर बंदी घातली. भारत मात्र तो आयात करीतच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आरोग्य हा मूलभूत हक्क मानला. तरीही रोजंदारीवरचा मिस्त्री उघड्या तोंडाने त्या पत्र्याला भोके पाडतो, आणि ठिसूळ पत्र्यावर पाय पडताच खाली कोसळतो. धनिकाच्या घरातला गारवा श्रमिकाच्या फुप्फुसांतून काढणे, यालाच विकास म्हणायचे काय?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. घरकुलाच्या अंदाजपत्रकात उष्णतारोधक छपराची स्वतंत्र तरतूद असावी. भूखंडाची मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना आहे. महाराष्ट्राने ती घरकुलापर्यंत आणावी. सार्वजनिक खर्चाच्या बांधकामात ॲस्बेस्टॉस नको. जुना पत्रा काढताना तो ओला करावा, कापू-भोकू नये, पाय ठेवण्यास फळ्या असाव्यात. कारागिरांना प्रशिक्षण व सुरक्षासाधने कंत्राटदाराच्या खर्चाने मिळावीत.

कार्यकर्त्यांनी हे ठराव ग्रामसभांतून मंजूर करून घ्यावेत, आणि तेही उन्हाळ्यापूर्वी. तापलेल्या पत्र्याखाली बसून सहानुभूतीची भाषणे ऐकण्याची सक्ती श्रमिकांवर आणखी किती वर्षे करायची?