घरामागे खोली वाढवताय? आधी वाऱ्याची वाट पाहा

किनवटसारख्या गावांच्या जुन्या वस्तीत घरं भिंतीला भिंत लावून उभी असतात. वारा खेळतो तो पुढच्या आणि मागच्या दारातून. परसात पत्र्याची खोली काढली की मागची वाट बुजते आणि जुनं घरही कोंदतं.

मग उपाय काय? दोन्हींच्या मधे छोटा मोकळा चौक सोडा आणि खिडक्या समोरासमोर ठेवा. मे महिन्यात इथे दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतींपेक्षा छत जास्त तापतं. छताला पांढरा चुना लावला तर फरक पडतो.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये ऊर्जा वाचवणाऱ्या घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. पण तेव्हा ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती. परसातली खोली तिच्या कक्षेत येत नाही. म्हणजे निर्णय घरमालक आणि गवंड्याच्याच हातात.