पहिली ट्रायथलॉन घरच्यांबरोबरच!

चौकातल्या अभिनंदनाच्या फलकांवर पूर्वी पुढारी असत, नाहीतर दहावी-बारावीत चमकलेली मुले. अलीकडे त्यांच्यामध्ये एखादा ओल्या केसांचा, गळ्यात पदक घातलेला गृहस्थ दिसू लागला आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, ‘आयर्नमॅन’. कौतुक जरूर व्हावे. एवढे अंतर पार करणे ही खायची गोष्ट नव्हे. पण तो फलक पाहून जो चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला वाचक ‘पुढच्या वर्षी आपण!’ असे मनात ठरवतो, त्याच्यासाठी आजचा लेख आहे. त्याच्या उत्साहाला नाट लावण्याचा माझा हेतू नाही. सुरुवात तिथून करू नये, आणि एकट्याने तर मुळीच करू नये, एवढेच माझे म्हणणे.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे या तीन गोष्टी एकापाठोपाठ एक, मध्ये न थांबता करण्याची शर्यत. अंतरे अनेक प्रकारची असतात. ‘आयर्नमॅन’ हे त्यातले टोक. ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि वर ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावायची. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली जी शर्यत प्रथम झाली, ती याच्या निम्मी. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला; तिथले अंतर दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. त्याच्या निम्म्या अंतराची ‘स्प्रिंट’ आणि त्याहूनही लहान नवशिक्यांच्या शर्यती असतात. या लहान शर्यतींचे फलक कोणी लावत नाही, म्हणून त्या लोकांना ठाऊकही नसतात.

वास्तविक हा खेळ जन्मला तो लहान अंतरानेच. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात २५ सप्टेंबर १९७४ च्या संध्याकाळी तिथल्या धावपटूंच्या एका क्लबने ‘मिशन बे’ या खाडीकाठी पहिली ट्रायथलॉन भरवली. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन या दोघांची ती कल्पना. भाग घेणारे ४६. एकूण साडेनऊ-दहा किलोमीटर धावणे, तेही तुकड्यातुकड्याने. आठ किलोमीटर सायकल आणि जेमतेम साडेचारशे मीटर पोहणे. पोहणे शेवटी ठेवले होते. मागे राहिलेल्यांना पाण्यात असतानाच अंधार पडला, तेव्हा मोटारगाड्या काठाशी आणून दिव्यांचा उजेड पाण्यावर टाकावा लागला! दमलेल्या माणसाने शेवटी पाण्यात उतरणे बरे नव्हे, हे पुढे सर्वांनाच पटले. आज बहुतेक शर्यतींत पोहणे आधी असते.

त्या संध्याकाळी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स पत्नी ज्युडी आणि मुलांसह शर्यतीत उतरले होते. याच पतिपत्नींनी पुढे १९७८ मध्ये हवाईमधील ओआहू बेटावर पहिली ‘आयर्नमॅन’ घडवून आणली. म्हणजे ज्यांनी जगाला लोहपुरुषाचे वेड लावले, त्यांची स्वतःची सुरुवात बायकामुलांबरोबर आणि तासा-दीड तासाच्या शर्यतीने झाली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे क्रम उलटा लागला आहे.

मागच्या हिवाळ्यात दवाखान्यात एक कापडदुकानदार आले. वय ४६. गोव्याच्या शर्यतीला जायचे होते, चार महिने हातात होते आणि ‘डॉक्टर, तंदुरुस्तीचा एक दाखला तेवढा द्या,’ अशी मागणी. दिवसाचे बारा तास गादीवर बसून काढणारा माणूस. रक्तदाब १६८ आणि १०४ भरला. तो याआधी कधी मोजला होता, असे विचारल्यावर ‘मला काही त्रासच नाही तर कशाला मोजायचा,’ हे उत्तर आले. वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेलेले. सौभाग्यवती बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना या बेताचा पत्ताही नव्हता. मी दाखला दिला नाही. गृहस्थ रागावून गेले.

एवढी खबरदारी का, तेही सांगतो. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये ओढवलेले मृत्यू आणि अचानक हृदय बंद पडण्याच्या घटना तेथील तज्ज्ञांनी एकत्र करून तपासल्या. अशा १३५ घटना मिळाल्या. त्यांतील ९० पोहताना घडल्या होत्या. सुमारे ८५ टक्के पुरुष होते आणि सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास. यातील काहींची ती पहिलीच शर्यत होती. शवविच्छेदन झालेल्यांपैकी अनेकांच्या हृदयात आधीपासून दोष होता, मात्र तो उघडकीस आलेला नव्हता. घाबरून जाण्याचे कारण नाही. लाख सहभागींमागे हे प्रमाण दोनहूनही कमी पडते. तथापि साठी ओलांडलेल्या पुरुषांत ते कितीतरी पटींनी अधिक होते. आमचे कापडदुकानदार कोणत्या रांगेत उभे होते, हे वाचकांनीच पाहावे.

पाण्यातच असे का होते, याविषयी मते आहेत. चेहरा गार पाण्यात बुडाला की हृदयाची गती मंदावते. उलट शर्यतीची धांदल आणि भीती ती वाढवते. एकाच वेळी लगाम खेचावा आणि चाबूकही मारावा, तसे हृदयाचे होते, असे एक मत. दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. रस्त्यावर चक्कर आली तर माणूस खाली बसतो. पाण्यात बसायला जागा नसते आणि बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तो मुकाट्याने खाली जातो.

कापडदुकानदार तीन आठवड्यांनी परत आले, या वेळी सपत्नीक. बाईंनीच त्यांना आणले होते. औषध सुरू झाले, ट्रेडमिलवरची हृदयतपासणी झाली, ती ठीक निघाली. मग मी त्यांना दुसरा बेत सुचवला. दुकानाशेजारचे मित्र, त्यांच्या घरची माणसे आणि हे स्वतः, अशी तीन कुटुंबे गोळा करावीत. नगरपरिषदेच्या २५ मीटरच्या तलावात आठ फेऱ्या, म्हणजे २०० मीटर पोहणे. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर आठ किलोमीटर सायकल. शेवटी क्रीडासंकुलाच्या मैदानाला फेऱ्या मारून दोन किलोमीटर धावणे किंवा चालणे. सारे मिळून तासाभराचा खेळ. तयारीला बारा आठवडे.

सायकलचा प्रश्न कोणालाच नव्हता. नळीखालून पाय घालून भाड्याची सायकल शिकलेली ही पिढी. तो तोल अंगातून जात नाही. धावण्याचेही जमले. आठवड्यातून तीन दिवस, आधी चालणे, मग दोन मिनिटे धावणे आणि तीन मिनिटे चालणे. शेजाऱ्याशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतकाच वेग. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. तो यात सहज होतो.

गाडी अडली ती पोहण्यावर, आणि तीही बायकांची. पुरुष लहानपणी पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकलले गेलेले होते. त्यांच्या बहिणी त्या वेळी काठावर कपडे धूत होत्या. नदीकाठच्या गावात जन्म काढूनही पोहता न येणाऱ्या स्त्रिया आपल्या जिल्ह्यात किती आहेत! प्रत्येक पावसाळ्यात याच पानांवर आपण बुडाल्याच्या बातम्या वाचतो. त्यात काठावरून घसरलेली मुलगी असते आणि तिच्यामागे उडी घेतलेली आईही असते. तलावावर महिलांची वेळ आहे, पण ती दुपारी. जेव्हा नोकरदार बाई कचेरीत असते आणि घरची बाई स्वयंपाकघर आवरत असते. सकाळी सहा ते आठ ही सोयीची वेळ पुरुषांच्या सदस्यत्वाला वाहिलेली. नगरपरिषदांनी आठवड्यातले तीन दिवस तरी सकाळचा एक तास बायकांना द्यावा आणि शिकवायला बाई नेमावी, ही मागणी मी या निमित्ताने करतो. याला बांधकाम लागत नाही, निविदा लागत नाही, वेळापत्रक बदलावे लागते इतकेच.

या तीन घरच्या चौघीजणींनी मिळून अर्ज दिला तेव्हा त्यांना रविवारची सकाळ मिळाली. एकटीने मागितली असती तर मिळाली असती का, याची मला शंका आहे. पोशाखाची अडचण पूर्ण बाह्यांच्या आणि घोट्यापर्यंतच्या नायलॉनच्या पोशाखाने सुटली. पहिले दोन आठवडे नुसते पाण्यात तोंड घालून श्वास सोडणे. हे कंटाळवाणे वाटते, पण पोहणे म्हणजे मुख्यतः श्वास सोडणेच आहे. दम लागतो तो हातपाय कमी पडतात म्हणून नव्हे, छातीत कोंडलेली हवा बाहेर पडत नाही म्हणून. कापडदुकानदारांच्या सौभाग्यवती, वय ४१, दहाव्या आठवड्यात चार फेऱ्या मारू लागल्या.

ठरलेल्या रविवारी अकराजण उतरले. सहाजणांनी तिन्ही प्रकार केले. बाकीच्यांनी वाटून घेतले. एका घरात नात पोहली, बापाने सायकल चालवली आणि ६८ वर्षांच्या आजी लुगड्याचा काष्टा घट्ट करून दोन किलोमीटर चालल्या. अशी साखळी मोठ्या शर्यतींतही असते, त्यात कमीपणा काही नाही. सौभाग्यवती सहाव्या फेरीनंतर कठडा धरून थांबल्या, श्वास घेतला आणि उरलेल्या दोन केल्या. कापडदुकानदार सर्वांच्या शेवटी आले. कारण ते प्रत्येक टप्प्यावर थांबून बायकोची वाट पाहत होते. वैद्यकीयदृष्ट्या मला तो वेग फार पसंत पडला.

ज्यांना असा बेत करायचा आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी. पहिल्या वेळी नदी, धरण, समुद्र नको. तलावच हवा, आणि एका वेळी चारांहून अधिक माणसे पाण्यात नकोत. काठावर पोहणारा एक माणूस असा असावा की जो शर्यतीत नाही, फोटो काढत नाही, फक्त पाण्याकडे पाहतो. कृत्रिम श्वास आणि छाती दाबण्याचे शिक्षण दोघांनी तरी आधी घ्यावे. बुडालेल्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अजून चालतात. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छाती दाबावी आणि एकाने तत्काळ १०८ ला फोन करावा. मुलांना दम कोंडून पाण्याखाली जाण्याच्या पैजा लावू देऊ नयेत. त्यात शुद्ध हरपते आणि वर कोणाला कळतही नाही.

रस्त्यावर प्रत्येकाच्या डोक्याला हेल्मेट हवे, कानात गाणी नकोत, आणि शेवटच्या सायकलीमागे दिवा लावलेली एक दुचाकी असावी. सायकलवरून उतरून धावू लागताच पाय परक्याचे असल्यासारखे जड वाटतात. हे सर्वांनाच होते, दोन-चार मिनिटांत जाते. आधीच्या आठवड्यांत तीन-चार वेळा सायकलनंतर लगेच धावण्याचा सराव केला की त्याचे भय राहत नाही.

चाळिशीपुढील प्रत्येकाने, आणि घरात अकाली हृदयविकार असेल तर त्याआधीही, तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी त्या दिवसाच्या मात्रेबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे, सुरू करण्यापूर्वी साखर मोजावी, खिशात ग्लुकोजची पूड ठेवावी आणि रात्रीही सावध राहावे, कारण व्यायामानंतर बऱ्याच तासांनीही साखर उतरू शकते. ताप, जुलाब किंवा नुकताच फ्लू झाला असेल त्याने घड्याळ धरून काठावर बसावे. नाश्ता दीड-दोन तास आधी, तोही एखादे केळे किंवा अर्धी बशी पोहे. तासाभराच्या खेळात तहानेइतके पाणी पुरते. रंगीत बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

शर्यत चालू असताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी किंवा नेहमीहून वेगळी धाप जाणवली तर तिथेच थांबावे. फेऱ्या कोणीही मोजत नसतो. हे घरी आल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी जाणवले तरी दवाखाना गाठावा. मांड्या दोन दिवस दुखणारच, त्यावर शेक आणि हलके चालणे पुरे. पण लघवी चहाच्या काढ्यासारखी गडद झाली तर दुखण्याच्या गोळ्या न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.