चटईवाल्यांचाही इतिहास लिहा

जळगाव स्टेशनजवळच्या नेहरू चौकात आज खान्देश सेंट्रल आहे. त्या जागेवर पूर्वी खान्देश मिल होती. 1870च्या दशकात मूळजी जेठा यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे खान्देशच्या कापसाला भाव आला होता, रेल्वेही आली होती. गिरणी गेली, पण ‘एमजे’ कॉलेजमुळे शेठजींचे नाव टिकले.

अमळनेरात प्रतापशेठांनी कापड गिरणी चालवली आणि 1916 साली तत्त्वज्ञान मंदिरही काढले. साने गुरुजी आधी तिथे अभ्यासाला आले, मग गावातल्याच शाळेत शिक्षक झाले. गिरणीच्या कमाईतून गावाला काय मिळाले, याची नोंद तरी झाली.

जळगावच्या चटईवाल्यांच्या वाट्याला अशी नोंद आलेली नाही. मेहरूणच्या शेजारच्या एमआयडीसीत प्लास्टिक चटईचे कितीतरी कारखाने आहेत आणि त्यांतले बरेच घरचेच. वडिलांनी सुरू केलेले युनिट मुलगा पाहतो, हिशेबाला घरातलेच कोणीतरी बसते. प्लास्टिकचे दाणे, त्यात वापरलेल्या प्लास्टिकचेही, मशीनमध्ये वितळतात. त्यांची रंगीत नळी निघते, पाण्यात थंड होते आणि मागावर बाणा म्हणून ताण्यात शिरते. कापूस नाही, पण काम विणकराचेच. काठ शिवला की चटई तयार. लग्नाचा मांडव, भजन, अंगणवाडी, उन्हाळ्यातली गच्ची, सगळीकडे तीच अंथरली जाते. जळगावची चटई परदेशातही जाते.

तरीही शहराची ओळख सांगताना सोने, केळी, डाळ आणि पाइप यांच्यानंतर चटई आठवते, तीही कुणाला आठवलीच तर! हा अन्याय आहे. ज्यांनी पहिले माग बसवले ती पिढी आता थकली आहे. जुनी वहीखाती आणि नमुन्यांचे तुकडे गोदामात पडून आहेत; जागा लागली की ते रद्दीत जातील.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने हा इतिहास लिहिण्याचे काम हाती घ्यावे. विद्यार्थ्यांनी मालकांकडे जावे, तितक्याच आस्थेने मागावर उभ्या राहणाऱ्या कामगारांकडेही जावे. रात्रपाळी, वीजबिल, मशीनवर दुखावलेली बोटे, तुंबलेली उधारी, सगळे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. महापालिकेने एखादा जुना माग आणि पहिल्या चटयांचे नमुने ठेवायला एक खोली द्यावी. मेहरूण तलावाच्या काठी ती झाली, तर फिरायला येणारी माणसे आपोआप आत डोकावतील.