शहाबादी फरशी आणि दमेकऱ्याचा श्वास

सोलापुरातल्या बहुतेक जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. लिंबू सांडले की तिच्यावर डाग पडतो आणि घरातल्या बाया वैतागतात. ही फरशी म्हणजे चुनखडक. आम्ल दिसले की तो स्वतः झिजतो, पण आम्ल संपवतो. धुराड्यातला गंधकाचा वायू याच गुणावर अडवता येतो.

आपल्या देशी कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का, म्हणून काळजी नको असे सांगितले जाते. वाचकहो, हिशेब करून पाहा. शंभर टन कोळशात अर्धा टन गंधक, आणि ते जळल्यावर सल्फर डायऑक्साइड एक टन! औष्णिक वीज केंद्र रोज हजारो टन कोळसा जाळते. हा वायू दमेकऱ्याची श्वासनळी काही मिनिटांत आवळतो. बाकीचा हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण बनून दूरवर जातो आणि फुप्फुसात खोल उतरतो. रुग्ण म्हणतो, 'डॉक्टर, धूळ लागली.' कुठल्या कणाने छाती भरली, हे स्टेथोस्कोप सांगत नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये या वायूवर मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढतच गेली. जुलै २०२५ मध्ये तर, चिमणी पुरेशी उंच असली की झाले, असे म्हणून बहुतांश केंद्रांना सूटच मिळाली. खोकणाऱ्या रोग्याला शेजारच्या गावी धाडून तो बरा झाला म्हणण्यासारखेच हे.

खर्चाची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. चुनखडीचा ओला फवारा नव्वद टक्क्यांहून अधिक वायू अडवतो, पण त्याला पाणी फार लागते. डहाणूच्या केंद्राने समुद्राचे पाणी वापरले. आपण उजनीकडे डोळे लावून बसणारे. फताटेवाडीच्या वीज केंद्रालाही पाणी तिथलेच.

म्हणून मला कोरड्या चुन्याचा मार्ग विचार करण्याजोगा वाटतो. धुरात नुसती चुन्याची भुकटी सोडली, तर कणावर बाहेरून कवच चढते आणि आतला चुना कोराच राहतो. पण चुना व कोळशाची राख गरम पाण्यात कालवून वाळवली, तर राखेतल्या सिलिकेमुळे कण सच्छिद्र होतो आणि जास्त वायू धरतो. जपानमध्ये होक्काइडो बेटावर १९९१ पासून वीज केंद्रात ही रीत वापरली गेली. ओल्या पद्धतीइतकी सफाई यात सहसा होत नाही, हे कबूल. पण राख आपल्याकडे ढिगाने आहे आणि चुनखडी शेजारच्या वाडी-शहाबादेत. कोळशावरच्या लहान बॉयलरांनाही ही युक्ती करता येईल. मागे कापडी पिशव्यांची गाळणी मात्र हवी.

तोवर निदान मोजमाप तरी लोकांना दिसू द्या. या वायूची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ४० सुचवली. रोजचा आकडा मराठीत, महापालिकेच्या आणि फताटेवाडीच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला कितीसा खर्च येतो? आणि दमेकऱ्यांनो, पंपाची सवय लागते म्हणून तो कपाटात ठेवू नका. खिशात ठेवा.