अभिवादनाला निघताना खिशात चिठ्ठी असू द्या

डिसेंबर लागला की आमच्या वस्तीत १ जानेवारीची वर्गणी सुरू होते. टेम्पो किती, भाकऱ्या कुणी बांधायच्या, पाण्याचे कॅन कोण आणणार, सारे ठरते. पळापळ झाली तर काय करायचे, एवढेच ठरत नाही. आम्हीही कित्येक वर्षे ते ठरवले नव्हते.

एका वर्षी पेरण्याला विजयस्तंभापाशी आमच्या वहिनींचे सात वर्षांचे पोर बोट सुटून गर्दीत गेले. दीड तासाने सापडले. नाव विचारले तर सांगे ‘बाळू’, आणि बापाचे नाव विचारले तर ‘पप्पा’! आता आम्ही हसतो. त्या दिवशी वहिनींच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

स्तंभ पेरणे गावात, आणि वढू बुद्रुक तिथून चार-पाच किलोमीटरवर. तिथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आणि गोविंद गोपाळ महार यांचीही. पुष्कळ कुटुंबे एकाच दिवसात दोन्हीकडे जाऊन येतात. २०१७ च्या डिसेंबरअखेर वढूत गोविंद गोपाळांच्या समाधीजवळच्या फलकावरून वाद झाला आणि १ जानेवारी २०१८ ला त्या परिसरात दगडफेक, जाळपोळ झाली. एका तरुणाचा जीव गेला. दोष कुणाचा, यासाठी चौकशी आयोग बसला. तो विषय आजचा नाही. कडेवर लेकरू घेऊन आलेल्या बाईला कुठल्या वाटेने निघायचे हे सांगणारे त्या दिवशी कुणी नव्हते, ते आमच्या मनातून जात नाही.

त्यानंतर बंदोबस्त खूप वाढला. दूरचे वाहनतळ, तिथून बस, सीसीटीव्ही, ड्रोन, हजारो पोलीस. हे चांगलेच झाले. पण पोलीस रस्ता सांभाळतात; आपल्या टेम्पोतली पंचवीस माणसे आपणच सांभाळायची असतात.

माईकवर कोण बसतो याला फार महत्त्व आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी गोळीबार केला, ५८ माणसे गेली. तेव्हा निवेदक विष्णू झेंडे यांनी आपल्या खोलीतून प्रवाशांना पुन्हा पुन्हा सांगितले, इकडे येऊ नका, एक नंबर फलाटाच्या बाजूने बाहेर पडा. त्यांच्या खोलीवरही गोळ्या आल्या. पण किती तरी लोक वाचले. बाहेरची वाट त्यांना आधीच ठाऊक होती, म्हणून सांगता आली. आपल्या कार्यक्रमात माईक भाषण करणाऱ्याकडे असतो आणि त्याला मागचा दरवाजा कुठे आहे हेही माहीत नसते.

याउलट अफवा. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसात गर्दी तुंबली आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. ‘फूल गिर गया’चे कुणी ‘पूल गिर गया’ ऐकले, असे तेव्हा बोलले गेले. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला सुमारे ३०० भाविक गेले. अशा गर्दीत माणूस पायाखाली येऊनच मरतो असे नाही. उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. म्हणून दोन्ही हात छातीपुढे धरायचे, खाली पडलेली चप्पल उचलायला वाकायचे नाही, लोंढ्याविरुद्ध रेटायचे नाही, तिरपे सरकत कडेला निघायचे. लेकरू खांद्यावर.

बेवारस पिशवी दिसली तर हात लावू नये. पुण्यात जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० ला बॉम्ब असाच बॅगेत होता. १७ माणसे गेली. दूर व्हावे, इतरांना दूर करावे आणि पोलिसांना किंवा ११२ ला कळवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८. जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, आणि सारखे उचलून पाहू नये.

आता आमच्या टेम्पोचा रिवाज असा. उतरल्याबरोबर एक खूण ठरते, तिथे चुकलेल्याने येऊन थांबायचे. गर्दीत फोन लागेलच असे नाही. दोन तरुणांकडे मोजदादीचे काम. गोंधळ झाला तर टेम्पोकडे धावायचे नाही, आधी खुणेपाशी. आणि प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी: नाव, वस्ती, दोन फोन नंबर, रक्तगट, चालू औषध.

मंडळांनी आणखी एक करावे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांना लेखी अर्ज द्यावा: बाहेर पडण्याच्या वाटा कोणत्या, रुग्णवाहिकेला मोकळा रस्ता कोणता, हरवलेल्यांचा कक्ष कुठे, हे फलकांवर आधी लावा, वढूकडच्या रस्त्यावरही. अर्जाची पोच जरूर घ्यावी. आम्ही कारकून आहोत, तोंडी विनंतीचे काय होते ते रोज पाहतो.

गेल्या खेपेस चिठ्ठ्या वाटताना एक म्हातारी आत्या अडून बसल्या. ‘मला मेलीला वाचता येत नाही, मला कशाला कागद?’ आमची धाकटी म्हणाली, ‘आत्या, तो तुम्ही नाही वाचायचा. तुम्ही ज्याला सापडाल, तो वाचेल.’ आत्यांनी चिठ्ठी घडी करून बटव्यात पानसुपारीबरोबर ठेवली.